पदवी झाली, आता एम.एस्सी., एम.ए. की एमबीए? प्रवेश घेण्याआधी घरात बसून करायचा हिशोब

धाराशिव | प्रतिनिधी

पदवीचा शेवटचा पेपर झाला की गावात दोनच प्रश्न विचारले जातात. मुलगा असेल तर "आता पुढं काय?" आणि मुलगी असेल तर "आता कधी उरकायचं?" मग निकाल लागतो, पेरणीची गडबड सुरू असते आणि त्याच आठ दिवसांत घाईघाईनं कुठंतरी फॉर्म भरला जातो. मित्रानं घेतलं म्हणून एम.एस्सी., पुण्यात राहायला मिळतं म्हणून एमबीए, नाहीतर घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून एम.ए.

या निर्णयात पोराची दोन वर्षं जातात आणि घरचे लाख-दोन लाख रुपये सहज जातात. बैल घेताना चार बाजार फिरणारं घर पदव्युत्तर प्रवेश मात्र एका फोनवर ठरवतं. त्यामुळं प्रवेशाआधी काय बघायचं, कोणती तारीख चुकली तर वर्ष जातं आणि पैसा कुठं वाचतो, ते इथं क्रमानं समजून घेऊ.

आधी ठरवा, ही पदवी कशासाठी पाहिजे?

पहिला प्रश्न कॉलेजचा नाही, कामाचा आहे. जे काम पुढं करायचं आहे त्याला पदव्युत्तर पदवी लागते का?

कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतात. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तरला खुल्या गटात किमान ५५ टक्के, राखीव गटात ५० टक्के आणि त्यावर नेट किंवा सेट, नाहीतर नियमानुसार पीएच.डी. इथं एम.ए., एम.एस्सी.शिवाय गत्यंतर नाही. नेटमध्ये वरच्या गुणांनी जेआरएफ मिळाली तर संशोधन करताना महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप मिळते. हा दर जानेवारी २०२३ पासून लागू आहे.

रसायनशास्त्राच्या पोरांचं गणित वेगळं आहे. कुरकुंभ, लोटे, महाड, तारापूर या एमआयडीसींत रसायन आणि औषध कंपन्या आहेत. तिथं प्रयोगशाळेत आणि क्वालिटी विभागात एम.एस्सी. ऑरगॅनिक किंवा अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीला विचारणा असते. पण ज्या कॉलेजात प्रयोगशाळेचं कुलूप परीक्षेलाच उघडतं, तिथली एम.एस्सी. मुलाखतीत पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही.

आता उलटी बाजू. एमपीएससी, यूपीएससीच्या नागरी सेवा आणि तलाठी भरती यांना कोणत्याही शाखेची पदवी पुरते. पोलीस शिपाई भरतीला तर बारावी पुरते. तरी कित्येक पोरं "एमपीएससी करता करता एम.ए. करतो" म्हणून प्रवेश घेतात. त्यात चूक काही नाही, पण तेव्हा एम.ए.कडून नोकरीची अपेक्षा ठेवू नये आणि त्यासाठी महागडं कॉलेजही धरू नये. अशा वेळी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू परवडतं. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, तेवढं संकेतस्थळावर पाहून घ्यावं. मान्यता असेल तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते.

कोणत्या कोर्सचं दार कोणतं?

वर्ष वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे निकाल लागल्यावर चौकशी सुरू करणं. चांगल्या जागांचे फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी निघून जातात. म्हणून शेवटच्या वर्षाला गेलेल्या विद्यार्थ्यानं गणपती-दिवाळीपासूनच लक्ष ठेवायला पाहिजे.

आयआयटीतली एम.एस्सी.: जॅम नावाची परीक्षा असते. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र असे सात पेपर असतात. आयआयटी फक्त इंजिनिअरसाठी असते, असा समज बऱ्याच बी.एस्सी.च्या पोरांचा आणि काही सरांचाही असतो. तो खरा नाही.

केंद्रीय विद्यापीठं: हैदराबाद, दिल्ली, जेएनयू, बनारस अशा ठिकाणी सीयूईटी-पीजी ही एकच परीक्षा चालते. फॉर्म हिवाळ्यात निघतो, परीक्षा साधारण मार्चमध्ये असते. आपल्या तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. ग्रामविकास, समाजकार्य या विषयांत काम करायचं असेल तर परजिल्ह्यात जाण्याआधी त्या संस्थेच्या प्रवेशाची माहिती काढावी. तिच्या अलीकडच्या पदव्युत्तर प्रवेशांत सीयूईटी-पीजीचेच गुण धरले गेले आहेत.

एमबीए, एमसीए, एम.एड.: राज्य सीईटी कक्षाची परीक्षा आणि त्यानंतर कॅप फेऱ्या. फॉर्म हिवाळ्यातच सुरू होतात. एमबीएला पदवीला ५० टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव गटाला ४५ टक्के लागतात. एमसीएला बारावीला किंवा पदवीला गणित असण्याबाबत काय अट आहे, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावं.

एम.एस्सी. अ‍ॅग्री: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे प्रवेश एकत्र होतात, त्यासाठी स्वतंत्र सीईटी आहे. बाहेरच्या राज्यातलं कृषी विद्यापीठ हवं असेल तर आयसीएआरची अखिल भारतीय परीक्षा वेगळी द्यावी लागते. त्यात वरचा क्रमांक आला तर शिष्यवृत्तीही मिळते. दोन्ही फॉर्म भरावेत.

विद्यापीठाचे विभाग आणि संलग्न कॉलेज: धाराशिव जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो आणि धाराशिवलाच विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तिथं आपला विषय आहे का, हे आधी बघावं. घरून जाऊन-येऊन शिकता आलं तर खोली आणि मेसचा खर्च वाचतो. एसटीचा सवलतीचा मासिक पास मिळतो, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मंच तिकीट आहे.

एक नवा बदलही लक्षात ठेवावा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं आहे आणि एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडलं तर पदव्युत्तर पदविका मिळते. ज्यांनी पदवीचं चौथं वर्ष केलं, त्यांना पदव्युत्तर एकाच वर्षात होतं. त्यामुळं पदवी तीनची करायची की चारची, हा प्रश्न आता पदवीच्या काळातच विचारात घ्यावा लागतो.

कॉलेज कसं पारखायचं?

माहितीपत्रकावरची इमारत बघून कॉलेज कळत नाही. पुढच्या गोष्टी विचाराव्यात.

या विषयाच्या पदव्युत्तर वर्गाला विद्यापीठाची संलग्नता आहे का? कॉलेज जुनं आणि नावाजलेलं असलं तरी तो एखादा विषय त्याच वर्षी सुरू झालेला असू शकतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर यादी असते. एमबीए, एमसीए असेल तर एआयसीटीईची मान्यता बघावी.

शिकवणारे किती आणि कसे आहेत? पूर्णवेळ प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावर किती? तासिकेवरचे सर वाईट शिकवतात असं नाही. पण अख्खा विभागच तासिकेवर असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तास सुरू होत नाहीत, असं पुष्कळ ठिकाणी घडतं.

वर्ग अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात पदवी अनुदानित आणि पदव्युत्तर विनाअनुदानित असू शकते. फीत मोठा फरक पडतो.

मागच्या वर्षीची पोरं आता कुठं आहेत? ही माहिती ऑफिसात मिळणार नाही. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन पोरांशी बोललं की मिळते. तास होतात का, प्रॅक्टिकल होतं का, परीक्षा वेळेवर होते का, होस्टेलला पाणी आहे का, हे चारच प्रश्न विचारावेत. मुलगी असेल तर तिला स्वतःला घेऊन जावं आणि तिथल्या मुलींशी तिलाच बोलू द्यावं.

खर्चाचा हिशोब सोयाबीनमध्ये मांडा

फी सगळे विचारतात, राहण्याचा खर्च कोणी मांडत नाही. समजा, मोठ्या शहरात वाटून घेतलेल्या खोलीचे ३,५०० रुपये, मेसचे ३,५००, बस आणि मोबाईलचे १,०००, पुस्तकं-झेरॉक्सचे ५०० आणि गावाकडं येणं-जाणं, दवाखाना, कपडे यांचे १,००० धरले. महिन्याचे ९,५०० झाले. वर्षाचे दहा महिने धरले तरी ९५,००० रुपये. यात फी नाही.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावानं विकलं तरी ९५,००० रुपये उभे करायला जवळपास १८ क्विंटल सोयाबीन लागतं. एकरी सात-आठ क्विंटल उतारा धरला तर सव्वादोन ते अडीच एकराचं अख्खं पीक झालं, तेही बी-खत-मजुरी वजा न करता. दोन वर्षं हे चालवायचं आहे. हा आकडा घाबरवायला नाही. पोरानं आणि बापानं तो एकदा समोरासमोर बसून मांडला की कोणता खर्च करायचा आणि कोणती सवलत मिळवायचीच, ते आपोआप ठरतं.

सवलत कुठं मिळते आणि कुठं हातची जाते?

शिष्यवृत्ती आणि फी सवलतीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास, भटके विमुक्त या सगळ्यांसाठी तिथं योजना आहेत. खुल्या गटातल्या आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या या सवलती कॅप फेरीतून मिळालेल्या प्रवेशालाच मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला मिळत नाहीत. आणि एजंटाचा फोन नेमका त्याच जागेसाठी येतो. "सीईटीची गरज नाही, कॅपची वाट बघू नका, स्कॉलरशिप आम्ही बसवून देतो," असं तो सांगतो. आई-बापाला वाटतं काम झालं. पहिल्या वर्षाच्या शेवटी कॉलेज पूर्ण फी मागतं, तेव्हा कळतं की सवलत बसणारच नव्हती. तोवर एजंटाचा फोन बंद झालेला असतो. त्यामुळं एकच वाक्य विचारावं: "ही जागा कॅपची आहे का?" उत्तर सरळ आलं नाही तर तिथून उठावं. पावतीशिवाय मागितलेले पैसेही देऊ नयेत. देणगी घेऊन प्रवेश देण्याला राज्यात १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती संकेतस्थळावर दिसते.

होस्टेल मिळालं नाही तरी मार्ग आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. यात राहण्या-जेवणाची रक्कम थेट खात्यात येते, शहराप्रमाणे ती कमी-जास्त असते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. काही विद्यापीठांत "कमवा आणि शिका" योजनाही चालते.

दोन बारीक गोष्टी. शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्या वर्षी पुन्हा नूतनीकरणाला टाकावा लागतो, आपोआप चालू राहत नाही. आणि एक एम.ए. झाल्यावर त्याच पातळीचं दुसरं एम.ए. केलं तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही.

कर्ज काढायचं झालं तर

बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साधारण चार लाखांपर्यंत तारण मागितलं जात नाही. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता नसतो. पण हप्ता नसला तरी व्याज चालू असतं, हे कोणी समजावून सांगत नाही. पहिल्या वर्षी दोन लाख आणि दुसऱ्या वर्षी दोन लाख उचलले, व्याज १० टक्के सरळ धरलं, तर हप्ता सुरू होईपर्यंत एक लाख व्याज चढतं. म्हणजे फेडायला पाच लाख. सात वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता महिन्याला साधारण ८,३०० रुपये बसतो. सुरुवातीचा पगार १८ हजार असेल आणि शहरात राहायचं असेल तर हा हप्ता गळ्याशी येतो. म्हणून ज्या कोर्सनंतर पगार लवकर सुरू होण्याची खात्री आहे, त्यालाच कर्ज घ्यावं.

देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांपैकी एकात प्रवेश मिळाला तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेतून विनातारण, विनाजामीन कर्ज मिळू शकतं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि दुसरी सवलत चालू नसेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात, तीन टक्के व्याज सवलतही आहे.

कागदं आधी, प्रवेश नंतर

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस ही कागदं एका दिवसात होत नाहीत. जून-जुलैत सेतूवर रांग आणि सर्व्हर दोन्ही अडतात. नॉन क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रांची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून एप्रिल उजाडताच नवीन काढायला टाकावं. जात वैधता नसेल तर जिल्हा पडताळणी समितीकडं शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करावा. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. विद्यापीठ बदलायचं असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं.

नेट कॅफेवर फॉर्म भरताना मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्यावा. कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, पुढं फेरीचा मेसेज आणि ओटीपी त्याच्याकडं जातो आणि जागा मिळूनही पोराला कळत नाही. पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, ते बँकेत जाऊन तपासावं, नाहीतर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही अडकते.

मूळ कागदपत्रं कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत. तपासून परत द्यावीत, असा यूजीसीचा नियम आहे. प्रवेश रद्द केला तर फी परत मिळण्याचेही नियम आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या जितकं आधी रद्द कराल तितका परतावा जास्त असतो. त्यामुळं दुसरीकडं जागा लागली तर तोंडी सांगून निघून येऊ नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

वर्ग सुरू होण्याआधीचे दोन महिने

मराठी माध्यमातून पदवी केलेल्या पोरांना एम.एस्सी., एमबीएचे पहिले तीन महिने जड जातात. हुशारी कमी पडत नाही, पुस्तकाची इंग्रजी कमी पडते. निकाल आणि प्रवेश यांच्या मधल्या काळात आपल्याच पदवीच्या विषयाचं एक इंग्रजी पुस्तक रोज चार पानं वाचावं आणि नवे शब्द वहीत काढावेत. मोबाईलवर एक्सेल आणि मराठी-इंग्रजी टायपिंग शिकता येतं. सरकारच्या स्वयम् आणि ई-पीजी पाठशाला या ठिकाणी पदव्युत्तर विषयांचे धडे फुकट आहेत. यापुढं प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षणही अभ्यासक्रमात आहे. पाणी, माती, दूध संघ, बाजार समिती असा आपल्या भागातला विषय मनात धरून गेलं तर प्रकल्प उसना आणावा लागत नाही.

होस्टेलचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी द्यावा. रॅगिंगचा त्रास झाला तर १८००-१८०-५५२२ ही देशपातळीवरची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. हा नंबर आई-वडिलांच्या मोबाईलमध्येही असू द्यावा.

आणि यंदा हवा तो विषय किंवा हवं ते कॉलेज मिळालं नाही तर? पैसे भरून नको ती जागा घेण्यापेक्षा एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणं कधी कधी स्वस्त पडतं. मात्र त्या वर्षात काय करणार, कोणती परीक्षा देणार, घरच्या कामाला किती वेळ आणि अभ्यासाला किती, हे घरात बोलून ठरलेलं असावं. मुलीच्या बाबतीत तर हे बोलणं जास्तच गरजेचं आहे. ठरलेलं नसेल तर थांबलेल्या वर्षात अभ्यासाआधी पाहुणे येतात.